लोंढा आवरणारे वायू

१ डिसेंबर २०१४ रोजी उटीवरून एक वादळी ढग सरकत गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तिथल्या वैश्विक किरण प्रयोगशाळेत, काँक्रीटच्या जाड थराखाली, पोलादाच्या चौकोनी नळ्या एकावर एक रचून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक नळी सहा मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद. एकूण ३,७१२ नळ्या. आत आरगॉन आणि मिथेन यांचे मिश्रण, आणि मधोमध ताणून बसवलेली टंगस्टनची तार, जाडी एक दशांश मिलिमीटर. आकाशातून अहोरात्र खाली येणारे म्यूऑन नावाचे कण मोजणे हे या नळ्यांचे काम. ढग माथ्यावर होता तेव्हा सुमारे १८ मिनिटे म्यूऑनांची संख्या दोन टक्क्यांनी घटली. ढगातल्या विद्युतक्षेत्रामुळे धन म्यूऑनांची ऊर्जा कमी होते, ऋण म्यूऑनांची वाढते; धन म्यूऑन मुळात संख्येने जास्त, म्हणून एकूण मोजणी खाली येते. त्या घटीवरून उलटे गणित मांडले, तेव्हा ढगाच्या माथ्यापासून तळापर्यंतचा विद्युतदाब १.३ अब्ज व्होल्टच्या घरात निघाला. वादळी ढगात अब्ज व्होल्ट असू शकतील असे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२०च्या दशकात सुचवले होते. त्याचा पुरावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो वायूने भरलेल्या पोलादी नळ्यांमधून.

मूलकणांच्या संशोधनाची बातमी येते तेव्हा ती कणाची असते: हिग्ज सापडला, न्यूट्रिनो सापडला. ज्या वायूमधून त्या कणाची पहिली चाहूल लागली, त्याचे नावही कुठे येत नाही. मला मात्र या शास्त्रातले सर्वात चिवट आणि सर्वात सुंदर काम तिथेच झालेले दिसते. गेली शंभराहून अधिक वर्षे संशोधक एकाच गोष्टीच्या मागे आहेत. वायूत इलेक्ट्रॉनांचा लोंढा उठवायचा, पण तो हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही.

लोंढ्याची गरज का पडते ते आधी पाहू. वेगवान म्यूऑन एक सेंटिमीटर आरगॉनमधून गेला, तर वाटेतल्या अणूंना धक्के देत तो साधारण शंभर इलेक्ट्रॉन मोकळे करतो. शंभर इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार इतका नगण्य, की चांगल्यातल्या चांगल्या प्रवर्धकाच्या स्वतःच्या खरखरीतही तो बुडून जातो. मग हे इलेक्ट्रॉन वाया जाण्याआधी त्यांना वायूतच वाढवावे लागते. नळीच्या मधल्या तारेला धन विद्युतदाब दिला, की इलेक्ट्रॉन तिच्याकडे ओढले जातात. तार जितकी बारीक, तितके तिच्या पृष्ठभागाजवळचे विद्युतक्षेत्र तीव्र. अगदी जवळ आल्यावर इलेक्ट्रॉनला दोन टकरींच्या मधल्या अवकाशात एवढी ऊर्जा मिळते, की पुढच्या अणूतून तो आणखी एक इलेक्ट्रॉन उडवतो. एकाचे दोन, दोनाचे चार. तारेपर्यंत पोचताना प्रत्येक मूळ इलेक्ट्रॉनमागे दहा हजार किंवा त्याहून जास्त इलेक्ट्रॉन तयार झालेले असतात. आता तारेवर मोजण्याजोगा स्पंद उमटतो आणि त्याचा आकार मूळ इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या प्रमाणात असतो. म्हणून अशा नळीला प्रमाणी गणित्र म्हणतात.

अडचण इथेच सुरू होते. टकरींमध्ये सगळेच अणू इलेक्ट्रॉन गमावत नाहीत. काही नुसते उत्तेजित होतात आणि लगेच अतिनील प्रकाश सोडून शांत होतात. हा प्रकाश नळीच्या भिंतीवर पडला, तर तिथून नवे इलेक्ट्रॉन सुटतात, ते तारेकडे धावतात, नवा लोंढा उठतो, त्यातून पुन्हा प्रकाश. नुसता शुद्ध आरगॉन भरलेली नळी म्हणूनच फार वाढीव विद्युतदाबावर टिकत नाही. त्यात मिथेन, आयसोब्युटेन किंवा कार्बन डायऑक्साइड मिसळतात. या रेणूंना कंप पावण्याच्या, फिरण्याच्या अनेक तऱ्हा असतात. त्या जोरावर ते अतिनील प्रकाश गिळतात आणि ती ऊर्जा उष्णतेत जिरवून टाकतात. उटीच्या नळ्यांमध्ये आरगॉन नव्वद टक्के आणि मिथेन दहा टक्के आहे, ते याच कारणाने. आरगॉन लोंढा उठवतो, मिथेन त्याला आवरते.

लोंढ्याचा पहिला उपयोग मँचेस्टरमध्ये अर्नेस्ट रदरफोर्ड आणि हान्स गायगर यांनी १९०८ मध्ये केला. पितळेची नळी, मधे तार, कमी दाबाचा वायू. रेडियममधून सुटणारा एकेक अल्फा कण विद्युतमापीच्या हलण्यावरून मोजता आला. वीस वर्षांनी गायगर आणि त्यांचा विद्यार्थी वॉल्टर म्यूलर यांनी तीच युक्ती टोकाला नेली. त्यांच्या नळीत प्रकाशाला मुद्दाम वाट दिलेली असते. लोंढा तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतो आणि कण कसलाही असो, स्पंद तेवढाच मोठा मिळतो. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राची ओळखीची टिकटिक ती हीच. कण आला एवढे कळते, कोणता आला आणि कुठून गेला हे कळत नाही.

भारतात वायूने भरलेल्या नळ्यांचा इतिहास कोलारच्या सोन्याच्या खाणीत आहे. टाटा संस्था, जपानचे ओसाका आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांच्या गटांनी जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल जागी निऑन भरलेल्या काचेच्या नळ्या आणि चमकते प्लॅस्टिक यांची भिंत उभी केली. कण गेल्याची खूण मिळताच नळ्यांवर क्षणभर मोठा विद्युतदाब टाकायचा. ज्या नळ्यांतून कण गेला तेवढ्याच उजळतात आणि त्याची वाट छायाचित्रात येते. १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची जगातली पहिली नोंद इथून आली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटालाही ती मिळाली. पुढे प्रोटॉनचा क्षय शोधण्यासाठी कोलारमध्येच लोखंडी नळ्यांच्या प्रमाणी गणित्रांचे थर रचले गेले. खाणीचा व्यवहार आतबट्ट्याचा होत गेला आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळाही बंद पडली. खाणीची लिफ्ट आणि पाण्याचे पंप चालू ठेवायचा खर्च विज्ञानाच्या नावावर कोणी उचलला असता, तर आज न्यूट्रिनोच्या नकाशावर कोलारचे नाव फार मोठे असते, असे मला वाटते.

१९६०च्या दशकातले कणशास्त्र अडले होते ते वेगावर. बुडबुड्यांच्या पेटीतली छायाचित्रे देखणी असत, पण सेकंदाला फार तर मोजकीच निघत, आणि ती टेबलावर पसरून माणसे तासन्‌तास रेषा मोजत. युरोपच्या सर्न या कणसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या जॉर्ज शार्पाक यांनी १९६८ मध्ये हे बदलले. शार्पाक १९२४ साली तेव्हाच्या पोलंडमधल्या एका ज्यू कुटुंबात जन्मले, लहानपणी फ्रान्समध्ये आले आणि दुसऱ्या महायुद्धात दाखाउच्या छळछावणीत कैदी होते. त्यांची कल्पना सांगायला सोपी होती. एका नळीत एक तार असते. मग एकाच सपाट पेटीत एकमेकींपासून दोन-तीन मिलिमीटरवर शेकडो तारा समांतर ताणल्या, तर प्रत्येक तार स्वतंत्र प्रमाणी गणित्र होईल का? अनेकांना वाटत होते, की शेजारच्या तारांवर खोटे स्पंद उमटतील आणि सगळा गोंधळ होईल. प्रत्यक्षात लोंढ्यातले इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, म्हणजे धन आयन, दूर सरकताना ज्या तारेवर लोंढा झाला तिच्यावर ऋण स्पंद येतो आणि शेजारच्या तारांवर धन. त्यामुळे खरी तार आपोआप वेगळी ओळखू येते. पहिली पेटी हाताच्या पंजाएवढी होती. प्रत्येक तारेला तिचा प्रवर्धक जोडून माहिती थेट संगणकात नेता आली आणि सेकंदाला लाखो कण टिपणे शक्य झाले. १९९२चे भौतिकशास्त्राचे नोबेल शार्पाक यांना एकट्याला मिळाले.

शार्पाक यांच्या गटाला वायूच्या मिश्रणाचाही तेवढाच ध्यास होता. आरगॉनमध्ये जवळपास पाव भाग आयसोब्युटेन आणि चिमूटभर फ्रिऑन मिसळले, की खूप मोठा स्पंद मिळतो, असे त्यांना आढळले. या मिश्रणाला प्रयोगशाळांमध्ये ‘मॅजिक गॅस’ असेच नाव पडले. पण जादूची किंमत होती. लोंढ्यात हायड्रोकार्बनचे रेणू तुटतात, पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि तारेवर चिकट थर, कधी केसाळ अंकुर वाढतात. पाइपच्या जोडणीला लावलेल्या ग्रीसमधल्या सिलिकॉनची नावापुरती वाफही तारा खराब करायला पुरेशी असते. म्हणून त्या मिश्रणात मिथायलालसारखी वाफ सोडून तारांचे वृद्धत्व लांबवण्याचे उपाय शोधले गेले. वायू-डिटेक्टरच्या प्रयोगशाळेत कोणता डिंक, कोणती रबरी चकती, कोणती नळी चालेल यांच्या याद्या वर्षानुवर्षे जपल्या जातात. बाहेरून पाहणाऱ्याला हे कारकुनी वाटेल. या शास्त्राची खरी संपत्ती त्या याद्यांत आहे.

तारांची दुसरी मर्यादा धन आयनांची. इलेक्ट्रॉन चटकन तारेत शिरतात, आयन त्यांच्या हजारपट मंद. कणांचा मारा वाढला, की आयनांचा ढग तारेभोवती साठतो, विद्युतक्षेत्र झाकोळते आणि पुढचे लोंढे लहान होतात. यावर नवी वाट सापडली ती छापील सर्किट बोर्डाच्या तंत्रातून. १९८८ मध्ये ग्रेनोबलमध्ये अँटन ऊड यांनी काचेवर बारीक धातूच्या पट्ट्या कोरल्या, पण त्या ठिणग्यांनी जळून जात. १९९६ मध्ये योआनिस जिओमातारिस यांनी सुमारे एक दशांश मिलिमीटर अंतरावर धातूची जाळी बसवून मायक्रोमेगास केला. १९९७ मध्ये सर्नच्या फाबिओ साउली यांनी जेम केला: पन्नास मायक्रॉन जाडीचा कॅप्टॉन प्लॅस्टिकचा पत्रा, दोन्ही बाजूंना तांब्याचा पातळ थर, आणि त्यात दर १४० मायक्रॉनवर ७० मायक्रॉन व्यासाचे छिद्र. दोन्ही तांब्यांत काहीशे व्होल्टचा फरक दिला, की प्रत्येक छिद्रात तीव्र विद्युतक्षेत्र तयार होते आणि वरून येणारा इलेक्ट्रॉन छिद्रातून जाताना वाढतो. वाढ एकाच ठिकाणी करायची गरज उरत नाही. तीन-चार पत्रे एकाखाली एक ठेवून प्रत्येकात थोडी थोडी वाढ केली, की ठिणगीची भीतीही कमी होते. लोंढ्याला धरणांच्या मालिकेतून सोडावे, तसा हा प्रकार आहे.

जेमचा सर्वात मोठा उपयोग सर्नच्या अॅलिस प्रयोगात झाला. तिथे सुमारे ९० घनमीटर वायूने भरलेले एक पिंप आहे. त्यातून गेलेल्या हजारो कणांच्या वाटा इलेक्ट्रॉनांच्या वाहत जाण्याच्या वेळेवरून त्रिमितीत उभ्या केल्या जातात. ही कल्पना अमेरिकेतल्या डेव्हिड नायग्रेन यांची, १९७४ची. पूर्वी पिंपाच्या दोन्ही तोंडांना तारांच्या पेट्या होत्या आणि मागे फिरणारे आयन अडवायला प्रत्येक नोंदीनंतर एक विद्युत फाटक बंद करावे लागे. फाटक बंद, म्हणजे डोळे बंद. आता चार जेम पत्र्यांच्या रचनेत आयन वरच्या पत्र्यांवरच अडकतात, एक टक्क्याहून कमी मागे जातात, आणि शिशाच्या अणुकेंद्रांच्या सेकंदाला पन्नास हजार टकरी न थांबता नोंदता येतात.

भारताशी आणि मुंबईशी सर्वात घट्ट नाते आहे ते आरपीसीचे, म्हणजे रोधक पट्ट्यांच्या पेटीचे. रोममध्ये रिनाल्दो सांतोनिको आणि रोबेर्तो कार्दारेल्ली यांनी १९८१ मध्ये ती मांडली. तीत तार नाही, छिद्रे नाहीत. दोन पट्ट्या, मधे दोन मिलिमीटर वायू, आणि आरपार सुमारे दहा हजार व्होल्ट. संपूर्ण फटीत विद्युतक्षेत्र तीव्र असल्याने कण कुठूनही गेला, तरी लोंढा तत्काळ उठतो. वेळ एक अब्जांश सेकंदाच्या अचूकतेने कळते. पट्ट्या धातूच्या असत्या, तर पहिल्याच लोंढ्यात सगळी साठलेली ऊर्जा एका ठिणगीत जाऊन पेटी निकामी झाली असती. म्हणून त्या बेकेलाइटच्या किंवा काचेच्या करतात. वीज त्यांतून जाते, पण फार सावकाश. लोंढा जिथे पोचतो तेवढ्याच ठिपक्यावरचे विद्युतक्षेत्र कोसळते, लोंढा स्वतःच स्वतःला विझवतो आणि बाकीची पेटी जागी राहते. वायूतल्या आवरणाला पट्टीने दिलेली ही जोड मला फार हुशारीची वाटते.

पण या साध्या पेटीने दोन मोठ्या प्रयोगांना धडा दिला. अमेरिकेतल्या बाबार प्रयोगात बेकेलाइटच्या आतल्या बाजूला गुळगुळीतपणासाठी जवसाच्या तेलाचा लेप होता. १९९९च्या उन्हाळ्यात दालन तापले, नीट न वाळलेल्या तेलाचे थेंब साचले, दोन्ही पट्ट्यांमध्ये पूल तयार झाले आणि कार्यक्षमता घसरू लागली. जपानच्या बेल प्रयोगात पेट्या काचेच्या होत्या. तिथे वायू नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून हवेतली वाफ आत झिरपत होती. फ्रिऑनच्या तुटलेल्या रेणूंशी मिळून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊन काच झिजत होती. प्लॅस्टिकच्या जागी तांब्याच्या नळ्या बसवल्या आणि प्रश्न सुटला. जी संस्था आज आरपीसी बांधते, तिने या दोन्ही गोष्टी पाठ केलेल्या असतात.

कुलाब्याच्या टाटा संस्थेने नबकुमार मंडल यांच्या पुढाकाराने काचेच्या आरपीसीवर काम सुरू केले, ते भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेसाठी. तिथे पन्नास हजार टन चुंबकित लोखंडाच्या थरांमध्ये दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा सुमारे २८,८०० आरपीसी बसवायच्या होत्या. एवढ्या संख्येची वस्तू परदेशातून आणता येत नाही, इथेच बनवावी लागते. तीन मिलिमीटरची फ्लोट काच घ्यायची. दोन काचांमध्ये दोन मिलिमीटरचे अंतर राखायला पॉलिकार्बोनेटच्या चकत्या चिकटवायच्या. कडा वायूबंद करायच्या. बाहेरच्या बाजूंना विद्युतदाब पसरवणारा रंग लावायचा. हा रंग नाजूक प्रकरण आहे. जास्त वाहक झाला तर आतला स्पंद तो टिपणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही, कमी झाला तर दाब सगळीकडे सारखा पसरत नाही. त्यासाठी खास ग्राफाइटचा रंग कन्साई नेरोलॅककडून तयार करून घेतला. समुद्राकाठच्या दमट हवेत हजारो व्होल्टची गळती रोखणे हेही रोजचेच काम. वेधशाळेला २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. पण तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातल्या डोंगराखालचे काम स्थानिकांच्या विरोधामुळे आणि परवानग्यांच्या गुंत्यामुळे अडले. मदुराईला ८५ टन लोखंडाची छोटी प्रतिकृती उभी राहिली आणि तीत वैश्विक म्यूऑन मोजले जात आहेत. इथे कमावलेले कौशल्य मात्र अडून राहिले नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाने सर्नच्या सीएमएस प्रयोगासाठी आरपीसी बांधून दिल्या, आणि सीएमएसच्या जेम पेट्यांच्या जुळणीतही भारतीय गट होते.

लोंढा आवरायला शिकलेले शास्त्र आता वायूंपाशीच अडले आहे. आधी फटका बसला न्यूट्रॉन मोजणाऱ्यांना. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, तो आरगॉनमधून खूण न ठेवता जातो. त्याच्यासाठी हीलियम-३ भरलेली नळी लागते. त्यात न्यूट्रॉन शिरला की प्रोटॉन आणि ट्रिटॉन सुटतात आणि मग नेहमीचा लोंढा होतो. हीलियम-३ येतो ट्रिटियमच्या क्षयातून, म्हणजे प्रामुख्याने अण्वस्त्रांच्या साठ्यांतून. २००१ नंतर अमेरिकेने सीमांवर किरणोत्सर्ग तपासणारी यंत्रे लावायला घेतली, मागणी अचानक चढली आणि २००८-०९ च्या सुमारास तो वायू दुर्मीळ झाला. मग बोरॉन-१० चा पातळ लेप असलेल्या पेट्यांकडे संशोधक वळले.

आरपीसीची अडचण आणखी मोठी. तिचे नेहमीचे मिश्रण असे: ९५ टक्क्यांच्या आसपास आर-१३४ए, साडेचार टक्के आयसोब्युटेन आणि ०.३ टक्के सल्फर हेक्साफ्लोराइड. पहिला वायू फ्रिज आणि मोटारीच्या एसीमधला. तो दाट आहे आणि लोंढा नेमका हवा तेवढा उठू देतो. शेवटचा इलेक्ट्रॉन पटकन गिळतो, म्हणून चिमूटभर पुरतो आणि ठिणगी पडू देत नाही. दुर्दैवाने शंभर वर्षांच्या हिशेबात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ करतो, आणि सल्फर हेक्साफ्लोराइड वीस हजार पटींहून जास्त. सर्नच्या थेट उत्सर्जनात सर्वात मोठा वाटा अशाच फ्लोरिनयुक्त वायूंचा असतो. युरोपच्या कायद्याने त्यांचे उत्पादन आणि वापर वर्षागणिक आवळला आहे, त्यामुळे किमती वाढतात आणि उद्या ते मिळतील याची खात्री नाही. वायू पुन्हा पुन्हा फिरवून वापरण्याची यंत्रणा आधीपासून आहे. मुंबईच्या गटानेही तशी बंद साखळी उभारली, कारण दोनशे घनमीटरहून अधिक वायू सतत हवेत सोडून देणे परवडलेच नसते. पण सर्नमधल्या जुन्या पेट्यांच्या तोंडाशी तडे जाऊन गळती होते, आणि त्या पेट्या अवाढव्य यंत्राच्या पोटात अशा जागी आहेत, की हात पोचत नाही.

पर्याय म्हणून एचएफओ-१२३४झेडई हा वायू पुढे आला. तो वातावरणात लवकर तुटतो, त्यामुळे तापमानवाढ नगण्य. मात्र त्यात लोंढा उठवायला फार मोठा विद्युतदाब लागतो. जुन्या पेट्यांच्या तारा, जोडण्या आणि वीजपुरवठा तेवढ्यासाठी घडवलेले नाहीत. म्हणून त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर मिसळून दाब खाली आणतात. मग मोठ्या स्पंदांचे प्रमाण वाढते. शिवाय हा वायू लोंढ्यात अधिक सहज तुटतो आणि फ्लोराइड सोडतो, जे काचेला आणि बेकेलाइटला किती वर्षे सोसेल हा प्रश्न खुला आहे. सर्नमध्ये सीझियमच्या प्रबळ स्रोतासमोर पेट्या ठेवून अनेक वर्षांचा मारा थोड्या काळात दिला जातो आणि त्यांतून वाहणारा प्रवाह रोज तपासला जातो. २००८ मध्ये सुरू झालेल्या आरडी-५१ या वायू-डिटेक्टरच्या आंतरराष्ट्रीय गटाचे काम २०२४ पासून डीआरडी-१ या नावाने पुढे चालू आहे, आणि त्याच्या यादीत पर्यावरणपूरक वायू अगदी वर आहे. सर्नच्या अॅटलास प्रयोगाने २०२३ पासून आपल्या आरपीसीत आर-१३४एच्या एका मोठ्या भागाऐवजी ३० टक्के कार्बन डायऑक्साइड घातला आहे. उत्सर्जन त्याने कमी झाले. पण लोंढा आवरायला सल्फर हेक्साफ्लोराइडचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत वाढवावे लागले. पूर्ण बदल अजून दूर आहे, कारण भूमिगत दालनात बसवलेल्या पेट्या बदलता येणार नाहीत आणि येत्या दशकात त्याच पेट्यांवर कणांचा मारा कैक पटींनी वाढायचा आहे.